आधी पाणी

डोळे उघडा. १२ एप्रिल २०१६, मंगळवारची पहाट. तुम्ही लातूरच्या रेल्वे स्टेशनात उभे आहात. भोवती गर्दी आहे, पण कुणी पाहुण्याला घ्यायला आलेलं नाही. दहा टाक्यांची मालगाडी येतेय. मिरजेहून निघालेली, पोटात पाच लाख लिटर पाणी. चॅनेलवाले कॅमेरे सावरतायत, पोरं मालडब्यांवर चढू बघतायत, पोलीस त्यांना खाली ओढतायत. गेल्याच महिन्यात शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. धनेगावचं मांजरा धरण तळाला गेलंय. शेजारचा म्हातारा कुणालाच उद्देशून नाही असं म्हणतो, "पाणी रेल्वेनं येऊलालंय. आता काय बघायचं राह्यलं?"

आणि नेमक्या ह्या घडीला तुमच्या डोक्यात पोहण्याचा विचार आहे. लाज वाटते, म्हणून तुम्ही कुणाला सांगत नाही. मागच्या जुलैत मॉडेल-अभिनेता मिलिंद सोमणनं पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला आयर्नमॅन पूर्ण केली: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, त्यावर ४२.२ किलोमीटर पळणं, सगळं मिळून सव्वापंधरा तास. त्याचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर फिरला तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि विषय संपला. तुमचा संपला नाही. सगळं नाही तर निम्मं तरी जमेल, असं तुम्ही तेव्हाच ठरवून टाकलंत. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. एकूण ११३ किलोमीटर, मैलांत मोजलं तर ७०.३, म्हणून शर्यतीचं नावच तसं. ह्यातलं पळणं येतं, सायकल येते. पोहणंही येतं, असं तुम्हाला वाटतं.

वाटायला कारण आहे. तुम्ही विहिरीत शिकलात. औशाकडच्या मामाच्या शेतात, कमरेला पांगऱ्याचं लाकूड बांधून, मामानं वरून ढकलून दिलं तेव्हा. आठवड्याभरात लाकूड सुटलं, दुसऱ्या आठवड्यात मुटका मारता यायला लागला. मराठवाड्यातल्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच पाण्यात उतरल्या. पण ह्या विद्येची एक खोट आहे: विहिरीला पलीकडचा काठ दहा हातांवर असतो. चार हात मारले की दगड हाती लागतो. मुंडी पाण्याबाहेर ठेवून, श्वास छातीत कोंडून पोहलं तरी भागतं. आणि त्या साली मामाच्या विहिरीत पाहिलंत तर खाली गाळ, गाळात उभी मोटर आणि वर लटकणारी दोरी. ज्यांचं लहानपण ह्या दशकात गेलं त्या पोरांना तेवढंही मिळालं नाही.

आता जरा मागं जाऊ. फार वेळ थांबायचं नाही, फक्त बघायचं.

१८ फेब्रुवारी १९७८, हवाई बेटं, वायकिकीचा किनारा. पंधरा माणसं उभी आहेत, सगळे पुरुष. प्रेक्षक जवळजवळ नाहीत. कुठला खेळाडू सगळ्यात दमदार, पोहणारा की सायकलवाला की पळणारा, असा वाद नौदलातल्या जॉन कॉलिन्सच्या मित्रमंडळींत रंगला होता. त्यानं बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाला एक जोडून टाकल्या. प्रत्येकानं आपली माणसं, आपलं खाणंपिणं आणायचं. जॉन डनबार पुढे आहे. थोड्या वेळानं त्याच्या साथीदारांकडचं पाणी संपणार आणि ते त्याला बिअर पाजणार. गॉर्डन हॅलर त्याला गाठणार आणि ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकणार. पंधरातले बारा पोचणार. आयर्नमॅन हा एवढ्या चेष्टेतून निघालेला खेळ आहे हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे नियम, घड्याळं आणि फी पाहून दडपण येईल तेव्हा उपयोगी पडेल.

२० ऑक्टोबर २०१९, रविवार. पणजीचा मिरामार किनारा. भारतात आयर्नमॅन नावाची शर्यत पहिल्यांदाच होतेय, आणि तुम्ही तिच्यात आहात. घोट्याला वेळ मोजणारी चिप बांधलीय, डोक्याला रबरी टोपी आहे, अंगात ट्रायसूट. वेटसूट नाही, कारण एवढ्या कोमट समुद्रात तो चालत नाही. म्हणजे तरंगायला तेवढीही मदत नाही. लोकं थोड्या थोड्या अंतरानं पाण्यात सोडली जातायत. पाण्यासाठी मुदत १ तास १० मिनिटं. हिशेब केला तर दर शंभर मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. कागदावर हे अवघड दिसत नाही. नांदेडच्या पोहण्याच्या तलावात, कड धरत धरत, तुम्ही ह्यापेक्षा लवकर पोहलात.

पाणी छातीपर्यंत आलं. लाट आली. कुणाची तरी टाच गॉगलवर बसली.

त्यानंतर जे घडतं ते भित्रेपणा नव्हे, निव्वळ शरीराचं काम आहे, म्हणून सांगतो. तुम्ही विहिरीतल्या सवयीनं श्वास कोंडून धरता. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि मेंदू हवेसाठी आकांत करतो. तुम्ही हवा घ्यायला मुंडी वर काढता. मुंडी वर गेली की कंबर खाली जाते, कंबर खाली गेली की पाय बुडतात, आणि आता तुम्ही पुढे सरकत नाही, पाणी ढकलत उभे आहात. छातीत जुनी हवा भरलेली असताना नवी जाणार कुठून? म्हणून धाप लागते, खारं पाणी तोंडात जातं. दिशा दाखवणारा फुगा कुठाय ते दिसत नाही; बघायचं असतं हे कुणी शिकवलंच नाही. तुम्ही नागमोडी पोहत दोनशे-तीनशे मीटर जास्तीचे कापता. कयाक धरून थांबायला मुभा आहे, धरता. घड्याळ थांबत नाही.

वाळूत पाय लागतो तेव्हा १ तास १० मिनिटं होऊन गेलेली असतात. एक स्वयंसेवक पोरगी खाली वाकून घोट्याची चिप सोडवते. "सॉरी सर." तिच्या आवाजात खरंच वाईट वाटल्याची छटा आहे, आणि तीच तुम्हाला सहन होत नाही. आत रॅकवर तुमची सायकल उभी आहे. बाटल्या भरलेल्या, दांडीला चिकटवलेलं जेल तसंच. ती न चालवता, हातानं ढकलत बाहेर न्यायची. तिकडे भारतीय लष्करातला बिश्वोर्जीत सैखोम पावणेपाच तासांच्या आत शर्यत जिंकतो आणि तुम्ही टॉवेल गुंडाळून टाळ्या वाजवता. निकालात तुमच्या नावापुढे तीन अक्षरं: डीएनएफ. शर्यत अपुरी.

घरी आई ताट वाढताना एवढंच विचारते, "पाण्याला भ्यालास व्हय रं लेकरा?"

"भ्यालो नाही. येत नव्हतं."

"मंग शिक की."

ह्याहून नेमकं मार्गदर्शन त्यानंतर तुम्हाला कुणी केलं नाही, पैसे घेऊनसुद्धा.

पण शिकायला पाणी कुठाय? मार्च २०२० मध्ये देशाला कुलूप लागलं. तलाव बंद. त्या सालची गोव्याची शर्यत पुढे ढकलली, २०२१ सालीही झाली नाही. तुम्ही गच्चीवर पळता, सायकल स्टँडवर चढवून खोलीत पायडल मारता, आणि वर्तमानपत्रात आजाराच्या बातम्या वाचता. ह्या दीड वर्षाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सगळ्यांचं तेच झालं, कित्येकांचं त्याहून वाईट.

एक दिवस मात्र थांबण्यासारखा आहे. २८ सप्टेंबर २०२१. जे धरण २०१६ साली कोरडं होतं, त्या मांजराचे अठराच्या अठरा दरवाजे उघडलेत. नदीकाठची सोयाबीन पाण्याखाली. आपल्या भागाचा पाण्याशी व्यवहार हा असा आहे: नसतं तेव्हा रेल्वेनं आणावं लागतं, येतं तेव्हा पीक घेऊन जातं. कुणीतरी म्हणतं, "आता पव्हा की धरणात!" नका. धरणाच्या पोटात गाळ, बाभळीची बुडालेली झाडं, ओढ. मराठवाड्यात दर पावसाळ्यात चांगली पोहणारी पोरंही बुडतात, कारण ती विहिरीतली पोहणारी असतात.

पोहण्याचा तलाव मात्र आता उघडलाय. नांदेडला तुमची नोकरी, लातूरला घर. म्हणजे पोहणं नांदेडला आणि सायकल लातूरला, अशी विभागणी आपोआप होते. पोहायला शिकवणारे सर निवृत्तीच्या वयाचे, आवाज तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा. पहिल्या दिवशी ते तुम्हाला पोहूच देत नाहीत.

"श्वास घ्यायचं नंतर बघू. आधी सोडायला शिका. तोंड पाण्यात, नाकातनं बुडबुडे. हळू. घाई कशाला करलालाव?"

तुम्ही उथळ भागात, आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत, बुडबुडे काढता. पोरं हसतात. महिना असाच जातो, आणि तो सगळ्या तयारीतला सगळ्यात मोलाचा महिना ठरतो. बुडबुडे जमले की डोकं खाली राहतं; डोकं खाली राहिलं की कंबर आपसूक वर येते; कंबर वर आली की त्याच ताकदीत जास्त अंतर जातं. हाताचा जोर, पायाचा मारा, हे सगळं नंतर. मग दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिकणं, कारण लाट कुठल्या अंगानं येईल ते आपल्या हातात नाही. मग डोळे बंद करून काही हात मारणं आणि डोळे उघडल्यावर आपण किती वाकडे गेलो ते बघणं. मग दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण हेरणं. मुंडी नाही, फक्त डोळे. २५ मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या, आणि नियम असा की भिंतीला थांबायचं नाही. शेवटी सर पाच-सहा दांडग्या पोरांना तुमच्याच पट्ट्यात सोडतात आणि सांगतात, ह्यांना लाथा मारा. पोरं ते काम मन लावून करतात.

मार्च २०२२ मध्ये तुम्ही रजा टाकून मालवणला जाता. चिवला किनारा, जिथं दर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरते. सोबत तिथलाच जाणकार माणूस, कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा. समुद्र तोच, खारेपणा तोच. काही वेळानं तुमच्या ध्यानात येतं की तुम्ही गाणं गुणगुणताय. पाण्यात गुणगुणणं म्हणजे श्वास सोडणं.

मग सायकल. लातूरहून औसा, लामजना, किल्लारी आणि परत, की जवळपास ९० किलोमीटर भरतात. शर्यतीएवढं अंतर देवानंच आखून दिल्यासारखं. जुलैत जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. किल्लारीला तुम्ही चहाला थांबता तेव्हा टपरीवाला हेल्मेट, चष्मा, तंग कपडे न्याहाळतो. त्याच्या मागं नव्यानं वसवलेल्या गावाचे सरळ रस्ते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर जमीन हलली, ती इथंच. तो म्हणतो, जुनं गाव तिकडं होतं. तुम्ही हेल्मेट काढून ठेवता. बोलणं मात्र पाऊसपाण्यावर वळतं, कारण किल्लारीत रोजचं बोलणं पाऊसपाण्याचंच असतं.

ह्या रस्त्यांनी जे शिकवलं ते पुस्तकात नाही. ऑक्टोबरात शेतकरी सोयाबीन डांबरावर वाळत घालतात, त्यावरून चाक गेलं की तुम्ही आडवे. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, मागं ना दिवा ना पट्टी. म्हणून अंधारात निघायचं नाही. कुत्र्यांसाठी वेग वाढवायचा नसतो, उतरून सायकल मध्ये धरायची. आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या, दम न खाता, पंधरा मिनिटं पळायचं. ह्याला 'ब्रिक' म्हणतात. पहिल्या वेळी पाय आपले नाहीतच असं वाटतं. दर आठवड्याला करत गेलं की ते हळूहळू परत मिळतात.

पळणं नांदेडला, विष्णुपुरीकडं, विद्यापीठाच्या चढाला. लांबचं पळून झालं की सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात डाळ-रोटी. कुणी विचारत नाही किती पळालात म्हणून. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो तेव्हा तुम्हाला वाटतं की गोव्याचं ऊन आपल्याला काय करणार. इथंच फसगत होते. आपल्याकडचा घाम उडून जातो आणि अंग थंड करतो; शर्टावर फक्त मिठाच्या रेघा राहतात. किनाऱ्यावर हवेतच इतका ओलावा की घाम नुसता ओघळतो, थंड काही करत नाही. म्हणून नुसतं पाणी ढोसत राहायचं नाही. रक्तातलं मीठ पातळ झालं तर माणूस तहानेनं पडतो त्यापेक्षा वाईट पडतो. मीठ-साखर-पाणी किती वेळानं किती, हे घरच्या रस्त्यावर ठरवायचं. खिशात गूळ-शेंगदाण्याचा लाडू चालतो, महागड्या जेलवाचून अडत नाही. तरी हा खेळ स्वस्त नाही हे लपवण्यात अर्थ नाही. सायकल, शर्यतीची फी, जाणं-येणं, ह्यात कित्येक घरांचं वर्षाचं बियाणं-खत बसेल.

ऑगस्ट २०२२. बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा चालल्यात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून पळतो आणि ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रुपेरी पदक घेतो. २०१८ साली दुखापतीनं त्याची आशियाई स्पर्धा हुकली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यानं गोपाळ सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. मराठवाड्याच्या वाट्याला खेळातलं पाणी आलं तेही उडी मारून ओलांडायचं, असा विनोद तुम्ही ऑफिसात करता. कुणी हसत नाही. स्टीपलचेसमध्ये पाण्याचा खड्डा असतो हे आधी समजावून सांगावं लागतं.

१३ नोव्हेंबर २०२२, रविवार. पुन्हा मिरामार.

तुम्ही मुद्दाम कडेला, मागच्या लोकांत उभे राहता. पहिल्या शंभर मीटरला वेग नाही, फक्त बुडबुडे. लाथ बसते, बसू दे. सहा हात, डोळे वर, फुगा दिसला. सहा हात, डोळे वर. एकदा खारं पाणी जातं. तुम्ही पाठीवर वळता, आभाळ बघत चार श्वास सोडता, परत पोटावर. बाहेर येता तेव्हा तास पुरता झाला की नाही हे बघायला घड्याळाकडं नजर जाते: मुदत अजून शिल्लक आहे. चिप घोट्यावर आहे. कुणी वाकलेलं नाही.

पुढचं थोडक्यात. सायकलला पोहण्यासकट साडेपाच तासांची मुदत. ताशी एकवीस-बावीसचा वेग सांभाळला तर पुरते. पुढच्या सायकलपासून बारा मीटर अंतर ठेवायचं, त्याच्या आडोशाला राहिलं तर दंड. फेऱ्याफेऱ्यांचा मार्ग, चढ छोटे पण सारखे. किल्लारीचा वारा ज्याने खाल्लाय त्याला ह्यात नवल वाटत नाही. पळताना मात्र नवल वाटतं. दुपारचं ऊन, अंगाला चिकटलेली हवा, नाडी खाली यायचं नाव घेत नाही. तुम्ही ठरवता की पाण्याच्या टेबलापाशी चालायचं, बाकी पळायचं. टोपीत बर्फ. मीठ. पुढचं टेबल. शेवटच्या फेरीत तुमच्याइतकाच दमलेला एकजण विचारतो, "कुठले?" तुम्ही लातूर म्हणता. तो म्हणतो, "लातूर? पाण्याची ट्रेन?" तुम्हाला हसू येतं आणि त्या हसण्यात अर्धा किलोमीटर निघून जातो. कमानीखालून जाता तेव्हा सगळ्या शर्यतीची साडेआठ तासांची मुदत संपायला काही मिनिटंच उरलेली आहेत. आईला फोन लावता. ती म्हणते, "जेवलास का?"

मिनिटं उरली ह्याला कमी लेखू नका. जरा पुढे चला, २७ ऑक्टोबर २०२४ ला. त्याच गोव्यात खासदार तेजस्वी सूर्या ८ तास २७ मिनिटं ३२ सेकंदांत शर्यत पुरी करतात. मुदतीला अडीच मिनिटं राखून. तुम्ही २०२२ साली तिथं होतात त्या शर्यतीत ते रिलेमध्ये फक्त सायकल चालवून गेले होते. मूळच्या नाशिकच्या अभिनेत्री सैयामी खेर २०२४ च्याच सप्टेंबरात बर्लिनजवळची ७०.३ पुरी करून आल्यात. ह्या खेळात मधल्या मुक्कामांना मान आहे. आधी रिले करा, आधी नुसतं पोहून बघा, काही बिघडत नाही.

आता परत या, आजच्या तारखेला. तुमच्यापैकी कुणाच्या मनात ही शर्यत असेल तर सायकल घ्यायला दुकानात जाऊ नका. आधी पोहायला शिकवणारा माणूस शोधा आणि श्वास सोडायला शिका; सायकल सहा महिन्यांनी घेतलीत तरी चालेल. उघड्या पाण्यात एकट्यानं उतरू नका, धरणात तर नाहीच. आणि लातूर, नांदेडच्या महापालिकांकडे, जिल्हा क्रीडा कार्यालयांकडे एक मागणी लावून धरा: पोहण्याचे तलाव उन्हाळी सुट्टीपुरते न ठेवता बारा महिने, पहाटे पाचला उघडा, पाणी शुद्ध करून तेच फिरतं ठेवा, आणि शाळेच्या प्रत्येक पोराला आठवीच्या आत पोहणं शिकवा. शर्यतीत किती उतरतील ते उतरोत. गणपतीत आणि पोळ्याला नदीवर गेलेली पोरं घरी परत यायला हवीत.